चिडलात की कळणार कसं?

सरांनी हातातलं यंत्र गळ्याला टेकवलं, बटण दाबलं आणि म्हणाले, "बसा."

कुणीच बसलं नाही. आवाज सरांच्या तोंडातून आला की हातातून, हेच आधी कुणाला कळेना. पहिल्या बाकावरच्या एकाने हसू दाबायला वहीत तोंड खुपसलं, आणि मग सगळा वर्गच फिदीफिदी हसायला लागला.

सरांनी हे धरलंच होतं. छोट्या टॉर्चएवढं यंत्र. ते नुसतं गुणगुणतं. ओठ हलवले की त्या गुणगुणीचे शब्द होतात, सगळे एकाच पट्टीतले. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, त्याच्या जागी हे आलं. आणि आवाज गेला तो कुणाचा, तर अख्खी शाळा ज्यांना भोंगासर म्हणायची त्यांचा. सर ओरडले की शेजारचा वर्गही गप्प बसायचा, फुकटात.

शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. सकाळी त्यांनी सरांना चहा पाजला होता आणि तो पिता पिता सांगूनही टाकलं होतं, "एक तास घेऊन बघा सर. वर्ग आवरला तर तुमचा. नाहीतर ग्रंथालयात बसा, पगार तोच." ग्रंथालयात बोलावं लागत नाही, असं त्यांना सुचवायचं होतं. सरांना नेमकं तेच नको होतं. घरी बसून गप्प राहायचा त्यांना वीट आला होता.

"भूगोल," सर म्हणाले. "नदी समुद्राला मिळते तेव्हा काय होतं?"

एक हात वर झाला. "सर, चार्जिंग संपलं तर?"

"तर तुमची मजा."

वर्ग जरा सैलावला. मग काय, प्रश्नांना ऊतच आला. गाणं म्हणता येतं का. पोहता येतं का. मानेला रुमाल कशाला बांधलाय. सरांनी नदी तशीच सोडली. रुमालामागे भोक आहे, श्वास तिथूनच जातो-येतो, म्हणून पोहणं बंद, असं त्यांनी सांगितलं. गाणं तर आधीही येत नव्हतं.

"मग शिंक?" दुसऱ्या बाकावरच्या बारक्याने विचारलं.

सरांनी रुमालाकडे बोट दाखवलं.

"नाकातून नाही?"

"नाक आता फक्त चष्मा ठेवायला."

बारक्या आ वासून बघत राहिला. "आणि चहा फुंकून पिता येत नाही," सरांनी आपणहून सांगितलं. "गार व्हायची वाट बघावी लागते." आजारपणात भेटायला आलेले सगळे 'आता बरं वाटतंय ना' एवढं विचारून, बिस्किटं खाऊन गेले होते. शिंकेची चौकशी कुणी केली नव्हती. सरांना बरं वाटलं, खरोखरच बरं.

पण तेवढ्यात मागच्या दोघांनी गळ्यातून शिंकून दाखवायला सुरुवात केली आणि त्यांचं बघून सगळ्यांनीच. सरांनी यंत्राचा आवाज वाढवला. त्याचा मिक्सर झाला. "गप्प बसा" सुद्धा "चहा" सारखंच ऐकू आलं. कुणीच ऐकेना. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. सरांच्या तळहाताला घाम फुटला, यंत्र गळ्यावरून घसरायला लागलं.

"सर, तुम्ही आत्ता चिडलात का?" खिडकीजवळ बसणाऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या घारीने विचारलं.

"हो."

"पण कळलंच नाही. चिडलात की आम्हाला कळणार कसं?"

तिने आगाऊपणा केला नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. ती सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे शिंका थांबल्या.



"घरी कसं कळतं?" बारक्या म्हणाला.

सरांना जरा आठवावं लागलं. "बायको माझ्याकडे बघते."

तसा सगळा वर्ग सरांकडे बघायला लागला. इतकी वर्षं आवाजच सगळं काम करायचा. मुलं खिडकीबाहेर बघत का असेनात, कानावर पडायचंच. एवढे डोळे एकदम अंगावर आल्यावर सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी भुवया आवळल्या आणि म्हणाले, "बसा."

"हा चिडलेला," घारी म्हणाली.

"बसा."

"हा कंटाळलेला."

"बसा."

"हा खोटं खोटं चिडलेला," बारक्याने ओळखलं. पुढच्या चेहऱ्यावरून दोन बाकांत वाद झाला, तो सरांनीच मिटवला. मग त्यांनी नदी पुन्हा धरली. फळ्याकडे वळले तर चेहरा दिसायचा नाही, म्हणून गाळाचा त्रिकोण त्यांनी घारीला काढायला लावला. कुणी कुजबुजलं तर शेजारचाच त्याला गप्प करत होता, कारण मान वळवली की सर चिडलेत की नाही ते कळायचं राहून जायचं.

घंटा झाली. बाई उठल्या आणि दारापाशी थांबल्या. "सर, ग्रंथालयासाठी मी दुसरं कुणीतरी बघते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सरांनी यंत्र गळ्याला लावलं, अंगठा बटणावर ठेवला, पण काय बोलायचं ते सुचेना. दप्तरं भरायची सोडून मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. घारीने बराच वेळ निरखून पाहिलं, मग बारक्याकडे वळली. त्याने मान हलवली. त्यालाही ओळखता येत नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "हा अजून नाही शिकवला तुम्ही."