चौथाई किमतीची गोळी

कुमुदताईंच्या हातून साच्यातली चकली न तुटता पडली, त्याच आठवड्यात अच्युतरावांनी तिची गोळी बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. संधिवातानं वाकडी झालेली बोटं त्या गोळीनं सरळ केली होती. जावई म्हणाला होता, "बाबा, कंपनीकडे ही एकच गोळी आहे. सगळी शिल्लक तिथे नका घालू." पण गुण डोळ्यांसमोर असताना अच्युतराव कुणाचं ऐकतात?

आज बाजार उघडताच शेअर कोसळला. विकायला गेले, तर घेणारा नाही. त्यांनी जावयाला फोन लावला.

"कोर्टानं पेटंट रद्द केलं, बाबा. आता इतर कंपन्याही तीच गोळी काढतील. दिवाळीपर्यंत चौथाई किमतीत मिळेल."

अच्युतराव फोन हातात तसाच धरून उठले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुमुदताईंना खाली मान घालून सगळं सांगितलं.

कुमुदताईंनी पिठाचे हात पुसले. "पेन्शन आहे ना? भागेल आपलं." मग थांबून म्हणाल्या, "म्हणजे परकारभाभींनाही परवडेल की."

शेजारच्या परकारभाभींना हेच दुखणं होतं. त्या रोज सुरीनं गोळी कापायच्या, अर्धी आजची आणि अर्धी उद्याची.

"माझं एवढं नुकसान झालंय, आणि तुला भाभी आठवतात," अच्युतराव चिडून म्हणाले. सरळ झालेल्या बोटांनी कुमुदताई पुन्हा पीठ मळू लागल्या. अच्युतराव त्या बोटांकडे पाहत राहिले.

मग फोन तिथेच ओट्यावर ठेवून त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"भाभींकडे. दिवाळीनंतर सुरी फक्त भाजीला वापरा म्हणावं."