नाव जुळल्याशिवाय औषध नाही

इराकमधल्या बसरा शहरात, मुलांच्या कॅन्सर वॉर्डात औषध चढवण्याआधी एक नर्स बाटलीवरचं नाव वाचते, दुसरी पोराला नाव विचारते.

नर्स विदादने तीन आठवड्यांत सात पोरांच्या तोंडावर चादर ओढली होती. रजा मागितली, तर थोरली नर्स उम्म हैदर फिसकारली, "पोरं मरतायत आणि बाईसाहेबांना झोप हवीय!"

आज सकाळी विदादने पहिल्या खाटेवरच्या पोरीला विचारलं, "नाव काय गं, राणी?"

"विदाद काझिम."

"अगं, ते माझं. तुझं सांग."

"विदाद काझिम."

शेजारच्या खाटेवरूनही तेच आलं. मग तिसऱ्या खाटेवरूनही.

विदाद हसायला गेली, पण हसू येईना. "उम्म हैदर, ऐकताय ना?"

उम्म हैदरने बाटलीवरचं नाव वाचलं. "विदाद काझिम. बरोबर आहे," ती म्हणाली आणि शांतपणे विदादची बाही वर सारू लागली.