अठरा दिवसांचा उशीर

कंपनीचा मेसेज श्यामकांतांनी दोनदा वाचला. एलबीएस रोडला जेसीबीने फायबर तोडली होती. म्हणजे या हॉस्पिटलचीच लाइन.

काचेपलीकडे टेबलावर त्यांची बायको कुंदा होती. मेंदूत रक्ताची गुठळी. तिकडे अंधेरीत बसलेल्या डॉक्टर शर्मिष्ठा पडद्यावर बघून इथल्या, मुलुंडच्या डॉक्टरांना बारीक तार कुठे वळवायची ते सांगत होत्या. पडदा काळा झाला तर संपलेच.

एरवी त्यांनी काळजी केली नसती. केबल कंपनीत नकाशे तेच मंजूर करत. फायबरची रिंग म्हणजे गोल. एका बाजूने तुटली तर सगळे उलट्या बाजूने फिरून पोहोचते, पापणी लवायच्या आत. पण इथे हॉस्पिटलपाशी दोन्ही बाजू एकाच खड्ड्यात टाका, असे ह्याच श्यामकांत साहेबांनी सांगितले होते. रस्ता एकदाच खणायचा, काम झटपट. अकलेची कमालच म्हणायची! मुकादम दशरथ तेव्हा म्हणाला होता, "साहेब, जेसीबीला दोन घाव लागत नाहीत." साहेबांनी त्याला गप्प केले. वर काम लांबले अठरा दिवस, तर कामचुकार म्हणून काढूनही टाकले.

श्यामकांत काचेला कपाळ टेकून उभे राहिले. दुसरी बाजू त्याच खड्ड्यात एखाद्या धाग्यावर तगली असणार. आता जाईल, आता जाईल. पण डॉक्टर शर्मिष्ठांचा आवाज काही जाईना. थोडे डावीकडे घ्या, हळू, आता ओढा, असे त्यांचे चाललेच होते. चित्र जरासुद्धा अडखळले नाही. श्यामकांतांना काही कळेना.

चाळीस मिनिटांनी गुठळी निघाली. संध्याकाळी कुंदाने उजवा हात हलवला, आणि एरवी कुणाला थँक्यूसुद्धा न म्हणणारा हा माणूस रडत रडत दिसेल त्याच्या पाया पडत सुटला. डॉक्टरांच्या, नर्सच्या, लिफ्टवाल्याच्यासुद्धा. मग त्यांनी एक नंबर शोधून काढला. दोन वर्षे तो लावला नव्हता. फायबर पुरली होती दशरथने, तेव्हा उत्तरही त्याच्याकडेच असणार.

दशरथ भांडुपला दुसऱ्या कुणाच्या कामावर होता. त्याने आधी वहिनींची चौकशी केली. त्या वाचल्या हे ऐकून त्याने देवाचे नाव घेतले. श्यामकांतांनी हात जोडले, फोनवर ते दिसत नसतानाही. मग विचारले, की दुसरी फायबर नक्की गेलीय कुठून?

"मागच्या गल्लीतून. आपल्याच कंपनीचा जुना पाइप होता तिथे, गाळानं गच्च भरलेला. आम्ही हातानं उपसला."

"मला तेव्हा का नाही बोललास, दशरथ?"

"तुम्ही थांबवलं असतंत." तो जरासा हसला. "अठरा दिवस काय उगाच लागले, साहेब?"