बाकी उडव

सुमितनं गेल्या जत्रेचा फोल्डर उघडला. फोटो होते, व्हिडिओ होते. आबांच्या ओव्यांची आवाजाची फाईल तेवढी नव्हती.

मागे खुर्चीत त्याचे वडील, आबा, बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. दिवाळीत लकवा आला आणि त्यांची वाचाच गेली. बिरोबापुढं ते गायचे त्या ओव्या घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. कुणी कधी लिहूनही ठेवल्या नव्हत्या.

"माझा भाचा ज्योतिबा केंदूरवरनं सांजच्याला येतोय," आई, अनसाबाई, म्हणाली. "ऐकून ऐकून पाठ करतो म्हणला. जत्रंत ह्यांच्या जागी आता त्योच उभा ऱ्हाईल. लाव की, ह्यांनाबी ऐकायचंय."

सुमितनं सगळी डिस्क पालथी घातली. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. लग्नसराई संपली की न्हावरे गावातल्या त्याच्या या फोटो स्टुडिओतली डिस्क ओसंडून वाहायची. एकेक फाईल कोण बघत बसणार, म्हणून त्यानं चार ओळींची बॅच फाईल लिहिली होती. प्रत्येक फाईलपाशी जा, फोटो किंवा व्हिडिओ असेल तर सोड, बाकी उडव. लग्नाचा आवाज व्हिडिओतच येतो. वेगळा आवाज त्यानं आयुष्यात एकदाच घेतला होता, तो आबांचा. ढोलांत ओव्या बुडतात म्हणून त्यांच्या बंडीला माइक लावून. आपल्या हुशारीवर तेव्हा केवढा खूश झाला होता गडी! ती फाईल वेव्ह, म्हणजे नुसत्या आवाजाच्या प्रकारची, होती, आणि सोडायच्या प्रकारांत वेव्ह घालायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. असं उडवलेलं रिसायकल बिनमध्येसुद्धा जात नाही. त्या जागेवर पुढं कितीतरी लोकांची लग्नं चढली होती.

बापाचा गळा आपणच आपल्या हातानं पुसून टाकला, हे त्याला कळून चुकलं.

"आये, ती..." त्यानं व्हिडिओ लावला.

पडद्यावर आबा उभे राहिले. पिवळा फेटा, भंडाऱ्यानं माखलेलं कपाळ, एक हात कानावर. ढोल दणाणत होते. आबांच्या गळ्याच्या शिरा फुगत होत्या, पण शब्द एकही उमटत नव्हता.

खुर्चीतले आबा पुढं सरकले. त्यांचेही ओठ हलू लागले, वाकडे, कष्टानं. घशातून नुसता वारा येत होता. पण ओळ संपली की ते बरोबर थांबत होते, आणि पुढची उचलत होते. त्यांना सगळं आठवत होतं.

"आवाज वाढीव की रं," अनसाबाई म्हणाली.

सुमितनं वाढवला. ढोल तेवढे मोठे झाले.