रस्ता कोणी तोडायचा

"तोडायचा की नाही, एवढंच सांगा साहेब," मशीनवाला जेसीबीच्या केबिनमधून ओरडला.

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला जाऊन खाली वाकून पाहिलं. सकाळपासूनची ही कितवी फेरी, त्यांनाही सांगता आलं नसतं. रस्त्याखालून ओढा जायला त्यांच्याच बांधकाम खात्याने दोन नळ्या टाकल्या होत्या. नळ्यांच्या तोंडाशी फांद्या, चिंध्या आणि कुणाचं तरी प्लास्टिकचं पिंप अडकून बसलं होतं. रस्त्याच्या पलीकडे नुसतं माळरान होतं आणि तिथे ओढ्याला घोटाभर पाणी. अलीकडचं पाणी मात्र तुंबून खालच्या आळीत शिरलं होतं. लोक खाटा, कोंबड्या, गॅसच्या शेगड्या डोक्यावर घेऊन शाळेकडे निघाले होते.

सरपंचबाई साहेबांच्या पाठोपाठ फिरत होत्या. साडीचा काठ चिखलाने जड झाला होता.

"दरवर्षी सांगतोय, ओढा साफ करा, नळ्या मोठ्या टाका. बांधकामवाले म्हणतात, ओढा पाटबंधाऱ्याचा. पाटबंधारेवाले म्हणतात, नळ्या बांधकामाच्या. मेलं पाणी तेवढं कुणाला न विचारता येतं."

"मी वर कळवलंय, बाई."

"पाणीही वरूनच येतंय, साहेब."

साहेबांनी फोन लावला. मोठे साहेब चक्क पहिल्याच रिंगला सापडले.

"सर, रस्ता तोडावा लागेल. नाहीतर आळी जाते."

"परिस्थिती बघून योग्य तो निर्णय घ्या."

"म्हणजे तोडू ना, सर?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग नको तोडू?"

"तसंही म्हटलेलं नाही," मोठे साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" सरपंचबाईंनी विचारलं.

"योग्य तो निर्णय घ्या म्हणाले."

"घ्या मग."

साहेब घुटमळले. "तुम्हीच सांगा ना मशीनवाल्याला, पंचायतीतर्फे."

"सांगितलं असतं. शेजारच्या गावच्या सरपंचांनी असंच सांगितलं होतं. सरकारी रस्ता फोडला म्हणून अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत बिचारे. रस्ता तुमचा आहे, साहेब. तुम्ही सांगा."

त्याच प्रकरणात खात्यातला माणूसही निलंबित होऊन घरी बसला होता, हे साहेबांना बाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याच्याच खुर्चीवर आता ते बसत होते. नोकरी जाईल या विचाराने ते सकाळपासून निर्णय टाळत होते, आणि टाळतोय म्हणून स्वतःची लाजही वाटत होती. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं.

तेवढ्यात आळीतल्या शेवटच्या घराची मागची भिंत बसली. आवाज फारसा झाला नाही.

"आत कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"शिंपिणीची सासू. अंथरुणावरच असते. तिला आणायला गेलेत, पण पाणी छातीला लागलंय."

साहेबांनी घाईघाईने पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज तुटत होता. त्यांनी स्पीकर चालू केला आणि रेंज मिळावी म्हणून फोन धरलेला हात डोक्यावर उंच नेला.

मशीनच्या घरघरीत माणसाचं बोलणं वर केबिनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून खात्याच्या कामावर सगळं हातावर चालतं. साहेबांचा हात वर गेला की मशीन सुरू, खाली आला की बंद. मशीनवाला सकाळपासून त्या हाताकडेच डोळे लावून बसला होता. त्याने एकदा नीट पाहून घेतलं आणि मशीनचा दात डांबरावर घातला.

रस्त्याचा तुकडा निघाला. साहेब दचकले. आपण काय केलं, हे कळायला त्यांना एक क्षण लागला. सरपंचबाईंनाही कळलं. त्यांनी एकदा वरच्या हाताकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या तोंडाकडे, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"हॅलो?" वरून मोठ्या साहेबांचा आवाज आला. "कसला आवाज येतोय तिकडे? कोणी सांगितलं? हॅलो, थांबवा ते."

मशीनवाल्यालाही काही शंका आली असावी. दात हवेत धरून तो थांबला आणि काचेतून पाहत राहिला. अजून भगदाड पडलं नव्हतं. हात नुसता खाली घेतला असता, तरी सगळं तिथेच मिटलं असतं.

साहेबांचा खांदा भरून आला होता. त्यांनी आळीकडे पाहिलं. मग चवड्यांवर उभे राहून त्यांनी हात आणखी थोडा वर नेला.