चालते म्हटलं

देवाजीने जनरेटरच्या व्होल्टेज रेग्युलेटरचं झाकण उघडलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. आतला एक कपॅसिटर, बोटाच्या पेराएवढा, माथ्यावर फुगून फाटला होता. गळलेला तपकिरी रस भोवती वाळला होता.

"सापडलं काय, भाऊ?" रंजीता सिस्टरने विचारलं.

"सापडलं."

जंगलातल्या त्या दवाखान्याला लाईट गेली की या जनरेटरचाच आधार. पंधरा दिवसांपूर्वी भर सकाळी वादळात लाईट गेली. जनरेटर सुरू झाला, पण व्होल्टेज टिकेना. थोड्याच वेळात ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. तिथेच बाळंत झालेल्या सुकरीची मुलगी आठव्या महिन्यात जन्मलेली, श्वासासाठी झगडत होती. एक सिलिंडर होता, तो संपला. झाडं पडून आरमोरीच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता बंद. दुपारी मुलगी गेली.

आज सुकरी तपासणीला आली होती. तिचा नवरा बिरजू बाहेर मोहाच्या झाडाखाली बसला होता. देवाजी एका हातात टॉर्च धरून काम करतोय हे पाहून तो उठून आला.

"इकडं द्या. मी धरतो."

तो कोण, हे सिस्टरने देवाजीला आल्या आल्या सांगितलं होतं. देवाजीने टॉर्च दिला. जुना कपॅसिटर काढला, नव्याचे दोन पाय भोकांत घातले. कथलाचा डाग दिला, तारा जोडल्या, जनरेटर चालू केला. व्होल्टमीटरचा काटा एकदा थरथरला आणि दोनशे तीसवर स्थिर झाला. सिस्टर आत गेली. ऑक्सिजनचं मशीन घुमू लागल्याचं बाहेर ऐकू आलं.

बिरजूने मातीत पडलेला जुना कपॅसिटर उचलला.

"हेच होतं काय?"

"हो."

"इतकुसंच?" त्याने तो तळहातावर फिरवून पाहिला. "कधी खराब झालं असन?"

असल्या वस्तू कधीही जातात, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरंखोटं करणारं तिथे कोणी नव्हतं. देवाजीने जनरेटर बंद केला.

"आखाडात सर्व्हिसिंगले आलो होतो, तवाच फुगलं होतं जरासं. मले दिसलं होतं. जवळ दुसरं नव्हतं. चालते म्हटलं आन् झाकण लावलं."

देवाजी मान खाली घालून वाट पाहत राहिला. शिवी येईल, थप्पड येईल, काहीही.

"तुमच्या हातचे असे मशीन आणखी कुठी हायेत?" बिरजूने विचारलं.

"चार गावी."

"तिथीबी चालते म्हणून झाकण लावून आले काय?"

"एका ठिकाणी," देवाजी म्हणाला.

बिरजूने खाली पसरलेली पाने-पेचकस अशी हत्यारं एकेक करून पिशवीत भरली आणि पिशवी देवाजीच्या मोटारसायकलला अडकवली. तेवढ्यात सिस्टर दोन कप घेऊन बाहेर आली.

"चहा नका देऊ, बाई," बिरजू म्हणाला. "भाऊले जायचं हाये."