सरायीची कमान

"कोणाला खरं वाटणार नाही, रादाआजी," सरायवाल्या स्टोयकोनं तिला भर उन्हात अडवलं, "पण ही सराय माझ्या आजोबाच्या सावलीवर उभी आहे."

रादाआजीनं चीजची टोपली खाली ठेवली. सरायीची कमान परवाच पुन्हा कोसळली होती. ज्याच्या सावलीचं माप दोरीनं घेऊन ती दोरी भिंतीच्या पायात चिणावी, तो पुढची जत्रा पाहत नाही, भिंत मात्र टिकते, हे बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आजोबा आपणहून उन्हात उभा राहिला."

"थापाड्या, तुझा आजोबा म्हातारा होऊन आलुबुखाराच्या दारूनं मेला. सावली माझ्या आईची होती. तिलाही असंच उन्हात गोष्टीत गुंतवून..."

तिनं मागे वळून पाहिलं. गवंडी दोरी गुंडाळत कमानीकडे निघाला होता.